कोपऱ्यातला कर्णा

या साऱ्या खटाटोपातून कमलाकांत मानकराला मिळायचं होतं ते एवढंच: डग्ग्याचा घुमारा. साध्या रेडिओवर तबला लागला की काठावरची चाट तेवढी ऐकू येते, आणि डग्गा म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी सतरंजी झटकतंय, असं त्याचं म्हणणं होतं. त्या एका घुमाऱ्यापायी त्याने आपल्या संध्याकाळी दिल्या. त्याचं काही नाही, संध्याकाळी त्याच्याच होत्या. बायकोचं आरशाचं कपाट दिलं, ते मात्र त्याचं नव्हतं.

मानकरांची एकेकाळी गिरगावात स्वतःची वाडी होती. आजोबांनी ती विकली आणि नातू त्याच वाडीतल्या चाळीत पहिल्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहू लागला. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. कमलाकांत फोर्टात सरकारी कचेरीत कारकून होता. पण जिना उतरताना कठड्यावर हात असा ठेवायचा, की वाटावं भाडं वसूल करायलाच निघालाय.

एका जुन्या विलायती मासिकात त्याला कर्ण्याचा नकाशा सापडला. सभेत बांबूला टांगतात ते पत्र्याचं फूल नव्हे. हा लाकडाचा, छातीइतका उंच. खालचे सूर बाहेर काढायला लांबलचक नळी लागते. ती पेटीच्या पोटात घड्या घालून बसवायची, आणि शेवटचं तोंड म्हणून खोलीच्या दोन भिंतीच वापरायच्या. म्हणजे कर्णा कोपऱ्यातच हवा. मानकरांच्या खोलीत एका कोपऱ्यात दार, एकात देव, एकात खिडकी, आणि उरलेल्यात सुमतीचं माहेरून आलेलं कपाट.

"कपाट माहीमला तुझ्या दादाकडे ठेवू. थोडे दिवस," कमलाकांत म्हणाला.

"आणि वेणी कशात बघून घालू?"

"खिडकीच्या काचेत दिसतं की."

"दिसतं ना. माझ्या तोंडाच्या मागे समोरच्या चाळीतले लंगोट वाळताना दिसतात, तेही दिसतं."

कपाट गेलं. चहाच्या खोक्यांचं प्लायवूड आलं, सरसाचं भांडं आलं, चोरबाजारातून लष्कराच्या मोडीतला स्पीकर आला. अ‍ॅम्प्लिफायर कमलाकांताने स्वतःच जुळवला. घराला इतका सरसाचा वास सुटला की सुमतीची आमटीसुद्धा जेवणाऱ्याला चिकटेल की काय अशी भीती वाटावी. येणारेजाणारे डोकावून विचारायचे, "काय मानकर, रथ कधी निघणार?"

मग एका रविवारी रेडिओवर तबला लागला. डग्ग्यावर तळहात घासला गेला आणि फळीवरच्या कपबशा किणकिणल्या. कमलाकांताचे डोळे भरून आले. सुमती हातात लाटणं घेऊन दारात आली, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बरं वाजतंय." तिच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सुवर्णपदकच.

इथेच थांबला असता तर हिशेब चुकता होता. पण ते दिवस कुणाला थांबू देणारे नव्हते. द्वैभाषिक राज्य झालं होतं, निवडणुका तोंडावर आल्या होत्या, आणि गिरगावात मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरा विषय नव्हता. वाडीच्या चौकात सभा ठरली. कर्णे भाड्याने देणारा परवान्याशिवाय कर्णा देईना, आणि परवाना काही मिळेना. समितीचं वाडीतलं काम पाहणारा राजाराम तिसऱ्या मजल्यावर राहायचा, छापखान्यात कामाला होता. तो थेट मानकरांच्या खोलीत येऊन बसला.

"कमलाकांतराव, तुमचा कर्णा शनिवारी खाली आणू या. चार पोरं सांगतो उचलायला."

 सरकारी नोकराने चळवळीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असं परिपत्रक कचेरीत सह्या घेत फिरलं होतं. त्यावर कमलाकांताचीही वळणदार सही होती. कर्णा दिला तर नोकरीवर गदा. नाही म्हटलं तर वाडीत तोंड दाखवायची सोय नाही. उद्या मेला तर खांदा द्यायला माणसं याच वाडीतून यायची. तेव्हा हो नाही, नाहीही नाही, असं उत्तर हवं होतं, आणि ते त्याच्याकडे आयतं होतं.

"अहो, तो हलत नाही ना! या दोन भिंती म्हणजेच त्याचं तोंड. कोपऱ्यातून काढलात की तो मुका. नुसतं लाकूड."

इथवर ठीक होतं. पण आपल्या हातच्या वस्तूबद्दल कुणी विचारलं की कमलाकांताची जीभ घरंगळायची.

"जागेवर ऐका मात्र! दार-खिडकी उघडी टाकली तर वाडीच्या त्या टोकाला शब्द न् शब्द पोचेल."

राजारामने हनुवटी खाजवली. "म्हणजे कर्णा सभेकडे येत नाही. मग सभाच कर्ण्याकडे आणू. भाषणाला येणाऱ्या बाई इथे बसून बोलतील, लोक खाली चौकात ऐकतील. माणसाने आपल्या घरात बोलायचं नाही, असा कायदा आहे का? परवान्याचं लफडंच मिटलं!"

"इथे? छे छे, इथे माईक धरलात तर आवाज परत त्यातच शिरून कर्णा किंचाळेल. माईक बंद दाराआड लागतो."

"बंद दाराआड म्हणजे?" राजारामने मान वळवली. "ते स्वयंपाकघर चालेल?"

कमलाकांताने तोंड उघडलं. खोटं बोलायला हीच वेळ होती. पण प्रश्न शास्त्राचा होता. "चालेल तर," तो म्हणाला.

राजाराम गेल्यावर सुमती बाहेर आली.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं, शब्द न् शब्द कुठे पोचतो ते?"

"अगं, तो म्हणाला म्हणून..."

"तो म्हणाला कर्णा द्या. स्वयंपाकघर तुम्ही दिलंत." ती अ‍ॅम्प्लिफायरपाशी वाकली. "हे काचेचं काय आहे? हे नसलं तर वाजतं का?"

"वॉल्व आहे तो. त्याच्याशिवाय कसं वाजेल?"

"मग शनिवारी काढून खिशात ठेवा. मेलं वाजलंच नाही तर कोण काय करणार? तुम्ही घर दिलंत, कर्णा दिलात. देवाची इच्छा, म्हणायचं."

इतका स्वच्छ मार्ग कमलाकांताच्या सबंध कचेरीला सुचला नसता.

शनिवारी दिवेलागणीला चौक भरला. वक्त्या होत्या गंगुबाई: डिलाईल रोडच्या, मिलमध्ये सूत गुंडाळण्याच्या वायंडिंग खात्यात, आवाज मिलच्या भोंग्याशी भांडून कमावलेला. सुमतीने लोणच्याच्या बरण्या सरकवून पाट मांडला. गंगुबाईंनी स्टोव्हकडे पाहिलं, फोडणीच्या डब्याकडे पाहिलं.

"काय रे राजाराम, भाषाण कोणाक करूचा? ह्या डाळीक?"

"बाई, तुम्ही बोला. लोक बाहेर आहेत."

दार लागलं. राजारामने आणलेल्या माईकमध्ये गंगुबाई बोलू लागल्या. पुढच्या खोलीत कर्णा ढिम्म. कमलाकांताने सुचलं ते बटण फिरवल्यासारखं केलं, वायर हलवल्यासारखी केली आणि मान हलवली. "वॉल्व गेलेला दिसतोय. नशीब!"

सुमती गॅलरीच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं दुःख होतं की राजारामच तिला म्हणाला, "असू दे वहिनी, तुमचा काय दोष!" आणि तो गंगुबाईंना खाली न्यायला निघाला.

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "काय झालं? मानकरांचा कर्णा बसला?"

"कर्णा कुठला, कपाट आहे ते! बायकोचं काढलं, आपलं बसवलं!"

"कोंबड्या पाळा म्हणावं त्यात!"

"आजोबांनी वाडी घालवली, नातवाने लाकूड घालवलं!"

चौक खदखदून हसला. कमलाकांताचे कान तापले. नोकरी जाईल, ही भीती त्याने आठवडाभर पचवली होती. पण एवढा कर्णा, दोन्ही भिंतींना लावून मोजलेला, आणि त्यात कोंबड्या?

"राजाराम, थांबा," तो म्हणाला. "एक जादा वॉल्व आहे माझ्याकडे."

सुमतीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कोटाच्या खिशातून वॉल्व काढला, बसवला, तापू दिला.

आणि मग गंगुबाई वाजल्या. चौकातलं हसू मध्येच तुटलं. नेहमीच्या पत्र्याच्या कर्ण्यातून माणूस ओरडतो. इथे एक बाई प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होती, आणि तो हात जड होता. मिलमध्ये वाकलेली पाठ, मुंबई कुणाच्या घामाची, गोळ्या कुणी खाल्ल्या, सगळं एका दमात. कमलाकांत गुडघ्यांवर बसून बटण केसाएवढं इकडेतिकडे करत होता आणि हसत होता. या वेळी कचेरी त्याच्या ध्यानातही नव्हती.

टाळ्या थांबेनात. राजारामला गहिवरून आलं. तो स्वयंपाकघरात धावला, माईक हातात घेतला, आणि कमलाकांत "अहो, अहो" करत उठेपर्यंत कर्णा सबंध वाडीला सांगून मोकळा झाला:

"बंधुभगिनींनो, हा आवाज ज्यांच्या हातचा, ते आपले कमलाकांत मानकर! सरकारी नोकर असूनही त्यांनी आपलं घर महाराष्ट्राला दिलं!"

शब्द न् शब्द पोचला. वाडीच्या त्या टोकाला साध्या कपड्यातला एक गृहस्थ उभा होता. तो कुणाचाच पाहुणा नव्हता, पोलीस आहे हे सर्वांना ठाऊक होतं, आणि कुणीतरी माणुसकी म्हणून त्याला चहाही दिला होता. त्याने कप खाली ठेवला, पेन्सिल काढली आणि शेजाऱ्याला विचारलं, "मानकर? म्हणजे कुठल्या कचेरीत?" शेजाऱ्याने अभिमानाने सांगितलं.

कचेरीने त्याला काढलं नाही. काढलं असतं तर सत्कार झाला असता, एवढं साहेबांना कळत होतं. त्यांनी बदली केली, भूजला. द्वैभाषिक नको म्हणणाऱ्या सभेपायी मानकर द्वैभाषिकाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. सुमतीला बरोबर जाता येईना; गिरगावातली खोली रिकामी दिसली की मालक कुलूप लावायला टपलेलाच. ट्रंक भरताना ती म्हणाली, "मग हे धूड मोडून ठेवा. कपाट तरी परत आणते."

राजाराम नेमका निरोप द्यायला आला होता. "मोडायचं कसं वहिनी? तो आता वाडीचा आहे. येत्या शनिवारी परळचे वक्ते ठरलेत."

कमलाकांत राजारामला वॉल्व कसा बसवायचा ते दाखवू लागला. दाखवताना त्याला थोडं बरंही वाटलं, हे सुमतीने बघितलं.

तेव्हा जमेकडे बघायचं तर सगळे सुखी. राजारामचं नाव पुढे कॉर्पोरेशनच्या तिकिटासाठी घेतलं जाऊ लागलं. गंगुबाईंना गिरगाव-दादरपर्यंत बोलावणी येऊ लागली. वाडीला बिनपरवान्याचा कर्णा मिळाला, आणि तीन वर्षांनी का होईना, महाराष्ट्रही मिळाला. कमलाकांताला कीर्ती मिळाली. भूजहून येणाऱ्या पत्रात तो बायकोच्या तब्येतीआधी वॉल्वची चौकशी करायचा. शनिवार आला की सुमती स्वयंपाक दुपारीच उरकायची, अनोळखी माणसासाठी पाट मांडायची, आपल्याच स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घ्यायची, आणि सभा संपेपर्यंत गॅलरीत उभी राहायची. खालचे लोक वर बघून टाळ्या वाजवायचे. त्यांना वाटायचं, मानकरवहिनींची केवढी हौस! खर्चाच्या बाजूला तिच्याशिवाय दुसरं कुणाचंच नाव नव्हतं.