ओपलचं गंजकं रिव्हॉल्व्हर

व्हर्लिन हॅस्केटकडे जुनी रिव्हॉल्व्हरं इतकी होती की आमच्या सगळ्या मोंटानात लोक त्याचं नाव घ्यायचे. पण त्यांतल्या एकातूनही त्यानं कधी गोळी झाडली नव्हती. काचेच्या कपाटात मखमलीवर ती मांडलेली असत. रविवारी चर्चहून आला की हातमोजे चढवून तो एकेक पुसायचा. त्याच्या बायकोनं, ओपलनं, फक्त बाहेरून काच पुसायची. आत हात घालायचा नाही, असा घरचा कायदा.

गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी आम्ही काहीजण शनिवारी जमतो. जुनी रिव्हॉल्व्हरं, बंदुकीची काळी दारू, नेमासाठी लोखंडी पाट्या. गेलन ट्रॉस्ट आमच्यातला सगळ्यात बोलका. बायको गेल्यापासून एकटाच, हॅस्केटांच्या कुंपणापलीकडे राहणारा. त्यानं एकदा ओपलला सहज विचारलं, "येतेस का? उडवून तर बघ." ती आली, आणि मग दर शनिवारी यायला लागली.

तिचा हात उपजतच स्थिर. पाटी खणकन वाजली की ती खळखळून हसायची. ते व्हर्लिनच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्यानं मला किराणा दुकानात गाठलं.

"गेलन शिकवतो म्हणे तिला. हात धरून?"

"हात धरायची गरजच नाही रे तिला."

"आता नसेल. म्हणजे आधी धरला असणार."



घरी ती बंदुकीच्या दारूचा वास घेऊन यायची आणि तो वास याला झोंबायचा. जेवताना खवचटपणे विचारायचा, "आज काय पराक्रम केला तुझ्या गेलननं?"

"पराक्रम मी केला. पाचात पाच," ती म्हणायची. हा ताट सरकवून उठायचा.

शेवटी एका शनिवारी तो स्वतःच आला. बरोबर चामड्याची पेटी, आणि पेटीत त्याच्या संग्रहातलं सगळ्यात मोलाचं, हस्तिदंती मुठीचं रिव्हॉल्व्हर. गेलननं तर टोपीच काढली.

"हे बाहेर काढलंस तू? आता मी मरायला मोकळा."

व्हर्लिन फुलला. त्यानं पाच गोळ्या झाडल्या, तीन लागल्या. मग 'बघ माझ्याकडे काय आहे' हे गेलनला पुरतं दाखवायचं म्हणून त्यानं ते भरून त्याच्यापुढेच धरलं. "घे, झाड."

ओपल शेजारीच उभी होती. तिनंही हात पुढे केला होता. तो तिनं खाली घेतला.

"इतक्या वर्षांत मला बोट लावू दिलं नाहीस," ती शांतपणे म्हणाली, "आणि ज्याच्यावर जळतोस, त्याला आधी?"

"तिला दे, गाढवा," गेलन म्हणाला. त्यानं हात लावला नाही. व्हर्लिननं ते तिच्यापुढे केलं.

"आता नको." ती गाडी घेऊन निघून गेली. व्हर्लिनला मी घरी सोडलं.

पुढच्या महिन्यात बिलिंग्ज शहरातल्या जुन्या शस्त्रांच्या बाजारात ओपलनं स्वतःसाठी एक घेतलं. नळीवर गंजाचे व्रण, मुठीचा टवका उडालेला. व्हर्लिननं ढुंकूनही पाहिलं नसतं असं. ते ती स्वयंपाकघराच्या टेबलावर खोलून, गुणगुणत साफ करते. व्हर्लिन गेलनला विसरला. आता त्याचा जळफळाट त्या गंजक्या लोखंडावर.

"माझ्याकडे कधी असं नाही बघितलं तिनं," तो मला म्हणाला.

"तू कपाटाकडे पाठ करून कधी उभा राहिलास?" मी विचारलं.

हल्ली तो दर शनिवारी येतो. झाडत नाही, तिची पेटी उचलतो, पडलेल्या पाट्या उभ्या करतो. परवा तिच्या रिव्हॉल्व्हरचा एक स्क्रू ढिला झाला. जुन्या हत्यारांतलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, म्हणून तिनं ते रिकामं करून त्यालाच दिलं. त्यानं स्क्रू आवळला, घोडा दोनदा मागेपुढे करून पाहिला, आणि जरा जास्तच वेळ हातात धरून बसला. तिनं तळवा पुढे केला तेव्हा परत दिलं.

मग तिनं नेम धरला. पाचातल्या चार लागल्या. एक चुकली तेव्हा व्हर्लिनच्या चेहऱ्यावर किंचित समाधान उमटलं. मी पाहिलं ते. ओपलनंही पाहिलं असावं, कारण ती त्याच्याकडे बघून हसली आणि पुन्हा गोळ्या भरायला लागली.