भिंगरीचा उजवा पाय

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. दचकू नका! बूट शिवताना चामडं ज्या साच्यावर ताणून बसवतात, त्याला फर्मा म्हणतात, तो मी. पाय असून आयुष्यात एक पाऊल चाललो नाही, हसायचं तर हसून घ्या. मी उजवा. डाव्याचं शेवटी सांगेन. त्याचं नाव काढलं की मला गलबलून येतं.

आमचे बाबा बूट शिवतात. त्यांचा एकुलता एक मुलगा घडीभर एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून सगळे त्याला भिंगरीच म्हणत. तो फौजेत भरती झाला, तेव्हा बाबांनी त्याला कागदावर उभं करून पायांभोवती पेन्सिल फिरवली.

"हलू नकोस रे, गाढवा!"

"अहो बाबा, गुदगुल्या होतायत!"

झालं! उजव्या करंगळीपाशी रेघ फुगली. बाबांनी मला कोरलं तेही त्या फुगवट्यासकट. "राहू दे, तेवढीच बोटं मोकळी राहतील," म्हणाले. आमच्यावर शिवलेले बूट घालून भिंगरी दुकानभर नाचला. मी फळीवरून बघत होतो. मित्रांनो, फर्म्याचं नशीब असंच असतं. पाय आत जायच्या आधी आम्हाला बाहेर काढतात. ज्याच्यासाठी जन्मलो, त्याचा पाय मला कधी लागलाच नाही. अजून वाटतं, एकदा तरी लागायला हवा होता.

मग लढाई पेटली. नदीवरचा पूल कोसळला आणि त्यात भिंगरी गेला. दोन जवान दुकानात येऊन खाली मान घालून उभे राहिले.

"खूप शोधलं, काका. काहीच हाती लागलं नाही."

आई त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणत होती. ती एवढंच म्हणाली, "काहीच नाही?"

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक वारलं की त्याचा फर्मा तासून दुसऱ्याच्या मापाचा करतात. माझा जीव टांगणीला लागला. पण बाबा मला तासायला तयारच नव्हते. "सापडला नाही म्हणाले ना? मग येईल." दरवर्षी ते भिंगरीसाठी नवी जोडी शिवू लागले. वयाबरोबर पाऊल रुंदावतं, म्हणून आम्हा दोघांवर दरवर्षी चामड्याची एक पातळ पट्टी चिकटवायचे. मी चांगला जाडजूड बाप्या झालो. आतून मात्र तोच पोरगा होतो, आणि गुदमरत होतो.

एक दिवस आई दुकानात आली. हातात ते मोजे होते.

"अहो, मला रडायला एक जागा तरी द्या. मातीत ठेवायला त्याचं काहीतरी द्या."

"काय देऊ? हे फर्मे? लाकूड आहे गं नुसतं."

"त्याच्या मापाचं आहे."

"आणि तो आला तर? कशावर शिवू बूट?"

आई खाली बसली. मला मांडीवर घेऊन मोजा चढवू लागली. चढेना. ओढून ओढून वीण ताणली गेली.

"हा कोणाचा पाय करून ठेवलात हो? माझं पोर एवढं मोठं झालंच नाही."

बाबांनी मला तिच्या मांडीवरून उचललं. मग सुरी घेऊन एकेक पट्टी सोलू लागले. शेवटची पट्टी निघाली आणि करंगळीपाशी त्यांचा अंगठा अडला.

"गुदगुल्या झाल्या होत्या गं त्याला," ते म्हणाले आणि हमसून हमसून रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

फर्म्यांची जोडी कोणी तोडत नाही. बाबांनी स्वतःच्या हातांनी तोडली. "एक त्याच्यापाशी राहू दे, एक आपल्यापाशी," म्हणाले. डावाही सोलला गेला आणि एक मोजा घालून मातीत गेला. आई आता तिथे जाऊन बसते आणि पोटभर रडून घरी येते. दुसरा मोजा घालून मी फळीवर आहे. नव्या जोड्या बाबांनी गरजवंतांना देऊन टाकल्या. मला डाव्याची फार आठवण येते, पण तो ज्या कामासाठी गेला आहे, ते काम मोठं आहे.

मित्रांनो, दुकानात आलात तर मला खुशाल हातात घ्या. मोजा तेवढा ओढू नका. आणि घरी कोणी तुमचं माप घ्यायला बसलं, तर पळून जाऊ नका. हललात तरी चालेल, गुदगुल्या झाल्या तर हसा. पण घडीभर उभे राहा.