वरचे घाव

बुचाच्या झाडाची साल दोघं मिळून काढतात. एक फांदीवर, एक खाली. वरच्याने कुऱ्हाडीने चीर द्यायची, खालच्याने दांड्याचं टोक आत सारून साल उचकटायची. अख्खी उतरली तर जोडीचं नाव होतं. फाटली तर ज्याच्या हातात फाटते त्याला बोल लागतो. पोर्तुगालच्या या आलेंतेजू भागात हे असंच चालत आलंय.

त्या जूनमध्ये अदेलिनोच्या हातात दोन दिवसांत अकरा साली फाटल्या. तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मुकादम जसिंतो सगळ्यांसमोर म्हणाला, "दुपारी घरी जा. तुझ्या जागी दुसरा बघतो."

"काका वर नुसती खुडबुड करतात. चीर पुरी होतच नाही," अदेलिनो म्हणाला.

"तू जन्मायच्या आधीपासून मी वर चढतोय," त्याचा वरचा जोडीदार, साठीचा झेफेरिनो म्हणाला. "घाई तुझ्या हाताला. सासुरवाडीला निघाल्यासारखा ओढतोस."

सगळे हसले.

सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा आकडा रंगवायचा, हे माझं काम. दुपारी झोपायचं सोडून पुस्तक वाचतो म्हणून मला मास्तर म्हणतात. माझं मत कोणी विचारत नाही आणि विचारू नये असं मलाही वाटतं. पण त्या दोघांचं प्रत्येक खोड मी जवळून पाहिलं होतं. आतल्या कोवळ्या सालीवरचे घाव सगळे डोक्याच्या वर होते आणि तिरके होते. खाली एकही नव्हता. अडचण एवढीच की झेफेरिनो माझा मित्र, आणि चार माणसांपुढे मला बोलता येत नाही.

"जसिंतो, त्याला घालवण्याआधी एक झाड बघू," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला.

"मास्तरांना वाचा फुटली," मागून कोणीतरी म्हणालं.

कालच्या झाडापाशी आलो. कोण चुकलं ते मी सांगितलं नाही. झेफेरिनोला म्हणालो, "झाड तुझ्याइतकं इथे कोणाला कळत नाही. काय झालंय ते तूच सांग."

त्याने हात उंच करून एका तिरक्या घावावर बोट ठेवलं.

"घाव घालताना पाय सरकलाय," तो म्हणाला. "माझा. यंदा गुडघा धरत नाही."

"मग सांगायचं ना, काका. मी चढलो असतो."

"चढला असतास, आणि संध्याकाळी गावभर सांगितलं असतंस."

"निम्म्या गावाला," अदेलिनो म्हणाला.

झेफेरिनो हसला, पण कुऱ्हाड काही अदेलिनोच्या हाती देईना. खालची जागा नवशिक्याची, असं सगळेच मानत.

"साल शेवटी खालच्याच्या हातात येते," मी म्हणालो. "तिथे जुना हात हवा." मला ते मनापासून वाटत होतं, म्हणूनच बहुधा बोलता आलं.

जागा बदलल्या. झेफेरिनो खालून ओरडायला लागला, "डावीकडे. तिथे नाही रे, तिथे तुझी आजीसुद्धा मारणार नाही. हां, आता थांब." साल अख्खी सुटली, त्याच्या उंचीची, आणि त्याने ती दोन्ही हातांनी कवेत घेतली.

जसिंतो तीन झाडं होईपर्यंत तिथेच उभा होता. मग म्हणाला, "उद्यापासून तुम्ही दोघं ओढ्याकाठची मोठी झाडं घ्या."

"उद्या नको," झेफेरिनो म्हणाला. "आधी याला नीट चढायला शिकवतो."