खाडीतली तीनचाकी

ठाण्याच्या टिपणीसांना विसरल्या गेलेल्या मोटारी हुडकायचं वेड होतं. एकदा आपल्या देशात तीन चाकांची, फायबरची मोटार निघाली होती, असं ते म्हणाले, तेव्हा डोंबिवलीचे गोगटे खदाखदा हसले. झालं! नारळी पौर्णिमेपर्यंत ती मोटार दाखवायची, आणि हरणाऱ्याने मिशी उतरवायची, अशी पैज लागली.

टिपणीसांनी खोपटपासून शहाडपर्यंतचं भंगार उपसलं. अखेर पौर्णिमेच्याच सकाळी मोटार सापडली ती कल्याणच्या खाडीत, तरंगताना! दामाजी कोळ्याने इंजिन काढून तिला वल्ही लावली होती, आणि त्याची बायको जनाबाई बॉनेटला कुंकू लावत होती.

"अरे दामाजी, ही मोटार आहे!"

"होरी हाय ती, शेट. बारा वरसं मासली आनते."

टिपणीसांनी रडकुंडीला येऊन पैज सांगितली. जनाबाईला त्या झुपकेदार मिशीची दया आली. दोघांनी दोर लावून होडी रस्त्यावर ओढली.

निरोप मिळताच आलेल्या गोगट्यांनी तिच्याभोवती फेरी मारली. "वल्ही आहेत, जाळं आहे, आत बोंबील आहेत. टिपणीस, ही होडीच. गाठा न्हावी!"

टिपणीसांचा हात मिशीवर गेला. तेवढ्यात शिट्टी फुंकत ट्रॅफिक हवालदार आला.

"ओ, रस्त्यात गाडी कोणी लावली? लायसन काढा!"

टिपणीसांनी त्याला कडकडून मिठी मारली. "साहेब, पुन्हा म्हणा! या गोगट्यांकडे बघून म्हणा!"

जनाबाईने मासे कापायची कोयती पदराला पुसली.

"या गोगटेभाव, बसा. आजच धार लावलीय."