बिनकेसांचं बी

सूनबाईला काय मिळणार होतं, ते आधी पाहू. वनस्पती-संग्रहालयाच्या प्रमुखाची खुर्ची, तीही खुद्द सासऱ्यांची. एका फुलाला तिचं नाव, जे पुसायची कुणाची टाप नाही. आणि घरात नवऱ्याच्या आधी तोंड उघडायचा हक्क.

सासरे महिनाअखेर निवृत्त होणार होते. नवराही तिथेच, शेजारच्या टेबलावर. त्याने आजवर शोधली ती फक्त पंख्याखालची जागा.

फूल तिला वाळवंटात सापडलं. पिवळं, शेवंतीच्या कुळातलं. एकच रोपटं, त्याला बी धरलेलं एक फूल आणि एक कळी. तिथल्या नेहमीच्या फुलासारखं हुबेहूब, पण बियांच्या टोकाला केसांचा झुबका नव्हता. या कुळात ओळख पटते ती बऱ्याचदा या केसांवरूनच. केस नाहीत, म्हणजे फूल नवं.

“बाबा, कळी उघडून बघू का? केस आधीच गळून गेले असतील तर?”

“एकुलता एक नमुना फोडतात का गं कुणी?” सासऱ्यांनी भिंगावरची मान वर केली नाही. “केस नाहीत, हे मी बघतोय ना? बिनधास्त मांड.”

एकट्या नमुन्याला हात लावायचा नाही, हा संग्रहालयाचा नियम. सासऱ्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा, हा तिचा.

नवा प्रमुख निवडणाऱ्या समितीपुढे तिने फूल झकास मांडलं. माना डोलत होत्या. मग सासरे उठले, “प्रमुख म्हणून खात्री करतो,” म्हणाले आणि त्यांनी कळी चिरली. नियमाची आठवण कुणी काढली नाही. नियम त्यांचाच होता. आत कोवळ्या बियांवर कापसासारखे दाट, पांढरे केस.

“पिकलं की झडतात, सूनबाई. हे तर नवख्या पोरांनाही कळतं.”

समिती हसली. नवरा सगळ्यांत शेवटी हसला, पण मनापासून.

बाहेर व्हरांड्यात तिने विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

“तुझ्या जन्माआधीपासून हे फूल बघतोय मी.” ते चष्मा पुसत होते. “हुशार आहेस गं तू. पण मुलगा माझा आहे.”

खुर्ची नवऱ्याला मिळाली. सासऱ्यांना निवृत्तीनंतरही तिथे येऊन बसायला कोपरा. समितीला फुकटची करमणूक. फुलाचं जुनं नाव कायम. किंमत तेवढी सूनबाईने मोजली. नवऱ्याच्या हाताखाली नमुने चिकटवत अजून मोजतेय.