नऊ पिक्सेलची पायरी

मी एक जुना, वायरचा गेम-कंट्रोलर आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव काही फारसा चांगला नाही. मला कुणी प्रेमाने हातात घेतलं, असं कमीच वेळा झालं. मला घट्ट आवळतात, घामाने भिजवतात आणि चूक झाली की माझ्याकडेच संशयाने बघतात. म्हणून मी जे सांगेन ते गोड असेल, अशी अपेक्षा ठेवू नका. खरं मात्र असेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका यंत्राने माझं एकेक बटण हजारदा दाबून पाहिलं, मला पास केलं आणि खोक्यात घातलं. तिथून मी भोपाळला, बिट्टन मार्केटमधल्या एका दुकानात आलो. मृणाल साठवणे तेव्हा कॉलेजात होती. तिने मला उचललं, डाव्या अंगठ्याने माझी स्टिक, म्हणजे दिशा देणारी छोटी दांडी, गोल फिरवली, डोळे मिटून उजवीकडचं बटण दाबलं आणि म्हणाली, "हाच." ते माझं पहिलं कौतुक. पुढे फार मिळालं नाही.

मृणालला एकाच जातीचे गेम आवडायचे. दोघातिघांनी आपल्या खोलीत बसून बनवलेले, उड्या मारत मारत पुढे जायचे. दिसायला असे, की खेळ थांबवून नुसतं बघत राहावं. खेळायला असे, की जीव मेटाकुटीला यावा. या फळीवरून त्या फळीवर उडी. केसभर चुकली की खलास. पण खलास म्हणजे काय, तर पापणी लवायच्या आत तुम्ही पुन्हा त्याच फळीवर उभे. कुणी रागावत नाही. कुणी समजूतही घालत नाही. मृणाल एकेका जागी दोनदोनशे वेळा पडायची. बारावीला तिला गणितात कमी गुण पडले होते, ते शाहपुऱ्याच्या त्यांच्या घरात अजूनही जेवताना निघायचे. इथे दोनशे चुका होऊन कुणाला एकही आठवत नव्हती. ती या खेळांना का चिकटली, ते मला लवकरच कळलं.

शिक्षण संपल्यावर तिने आणि तिच्या वर्गातल्या चिन्मय हरदासने ठरवलं, की असा एक गेम आपणच करायचा. चिन्मयचं घर अशोका गार्डनमध्ये. त्याच्या गच्चीवरच्या खोलीत दोन टेबलं मांडली गेली. जवळून गाडी गेली की कॉम्प्युटरचा पडदा थरथरायचा. मृणाल चित्रं काढायची आणि वाटा आखायची. चिन्मय ते सगळं हलतं करायचा. गेमचं नाव 'बावडी'. खोल बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, तळाशी एक मुलगी अडकली आहे, पाणी चढतंय आणि तिला वर यायचंय. सगळं चित्र दोनच रंगांत, काजळाचा काळा आणि हळदीचा पिवळा. इतकं देखणं काही मी पाहिलेलं नाही. आणि त्या मुलीला माझ्याइतकं कुणी पाण्यात पाडलेलंही नाही.

दोन वर्षं मी रोज राबलो. माझ्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली. चिन्मयची आई, मंगलाकाकू, दुपारी चहा घेऊन वर यायच्या. त्या मला 'रिमोट' म्हणायच्या, आणि टीव्ही नसलेल्या खोलीत रिमोट कशाला, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

या गेममध्ये एक पायरी होती. तिथे पोचायला मुलीने उजवीकडे झेप घ्यायची, खांबाला पाय टेकवायचा आणि तिथून उलट डावीकडे उडी मारायची. उतरायची जागा फक्त नऊ पिक्सेल रुंद, म्हणजे पडद्यावरचे नऊ ठिपके. मृणालने ती पायरी महिनाभर आखली होती. तिचं म्हणणं असं, की इथवर आलेल्या माणसाला सगळं येत असतं; फक्त तो घाबरून बटण लवकर दाबतो. ही पायरी त्याला तेवढंच दाखवते.

मग शहरातल्या एका कॉलेजच्या मेळ्यात त्यांनी 'बावडी' लोकांपुढे ठेवली. चित्र बघून गर्दी जमली. पायरीपाशी आली की पांगली. एकाने मला टेबलावर टाकलं आणि चिन्मयला म्हणाला, "भैया, ये तो टूटा हुआ है." मृणाल हसली. चिन्मय हसला नाही. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

पुढचं फक्त मलाच माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मृणाल यायच्या आधी चिन्मयने मला हातात घेतलं आणि त्या पायरीपाशी उडी मारायला लागला. ज्याने त्या मुलीला पळायला शिकवलं, त्याला ती पायरी एकदाही जमलेली नव्हती. आजवर तो तिथून हळूच कोड बदलून पुढे जायचा. त्या सकाळी तो चारशेवर वेळा पडला. त्याचा अंगठा प्रत्येक वेळी लवकर पडत होता. मी सांगू शकत असतो तर सांगितलं असतं. शेवटी त्याने मला बाजूला सारलं, कोड उघडला आणि नऊच्या जागी वीस लिहिलं.

मृणाल दुपारी आली. तिने सवयीने मला उचललं आणि त्या पायरीवर उडी मारली. तिचं बटण त्या वेळी उशिरा दाबलं गेलं होतं. मला कळलं, आणि तिच्या अंगठ्यालाही कळलं. मुलगी पडायला हवी होती. पडली नाही. मृणालने पुन्हा मुद्दाम उशीर केला. मुलगी पायरीवर मजेत उभी.

"तू पायरी रुंद केलीस," मृणाल म्हणाली.

चिन्मयने मान वर न करता सांगितलं, की काही केलेलं नाही, तिला भास होतोय. तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला. मग तिने उठून त्याच्याच कॉम्प्युटरवर तो आकडा दाखवला आणि भांडण पेटलं. त्याने तिला घमेंडखोर म्हटलं. लोकांना खेळवायचं सोडून तिला त्यांना अपमानित करायचंय, म्हणाला. ती म्हणाली, की ज्याला लोकांची तोंडं बघून पायऱ्या रुंद करायच्यात, त्याने सरकते जिने बनवावेत. यावर फेकायला त्याच्या हाताला दुसरं काही सापडलं नाही. मी सापडलो.

मी भिंतीवर आदळलो आणि वायरीला लोंबकळत खाली आलो. माझी डावी स्टिक कायमची दुखावली. तेव्हापासून कुणी हात लावला नाही तरी ती डावीकडे ओढते. मृणाल मला तसंच जमिनीवर सोडून निघून गेली, याचाही राग माझ्या मनात आहे. मंगलाकाकू आवाज ऐकून वर आल्या. "काहून आपटलं रे रिमोटला? त्याने काय केलं तुझं?" त्यांनी विचारलं. काकूंनी मला पदराने पुसलं आणि बंद पडलेल्या चार्जरांच्या खोक्यात ठेवलं. महिनाभर मी तिथे होतो. 'बावडी'ही तशीच अर्धवट पडून होती.

मग एका दुपारी मृणाल तिची चित्रं न्यायला आली. हेल्मेट हातात, चेहरा दगडासारखा. दोघं एकमेकांकडे न बघता सामान वाटून घेत होती. चिन्मयला ती शांतता सोसवली नाही. तो म्हणाला, की ती पायरी कुणालाच जमत नाही, तिलासुद्धा नशिबाने जमते. त्याने आकडा पुन्हा नऊ केला आणि म्हणाला, "हं. दाखव."

तिने मला खोक्यातून काढलं. माझी मोडकी स्टिक तिला पहिल्या उडीतच समजली. पहिली उडी फसली, दुसरी फसली. तिसऱ्या वेळी तिने उतरताना स्टिक किंचित उजवीकडे धरली आणि मुलगी नऊ पिक्सेलवर उतरली. मग तिने ते लागोपाठ आणखी दोनदा केलं आणि मला चिन्मयपुढे ठेवलं.

"आता तू."

"मी बनवलंय ते," चिन्मय म्हणाला.

"बनवलंयस. खेळला नाहीस."

तो रागाने बसला. ती खुर्ची ओढून त्याच्या मागे बसली, हेल्मेट मांडीवर ठेवून. काकूंनी आणलेल्या चहावर साय धरली. चिन्मय पडला, पडला आणि पडतच राहिला. खरं सांगतो, मित्रांनो, मला आनंद होत होता. ज्या हाताने मला आपटलं, तो हात आता मी बिघडलेला असल्याची किंमत मोजत होता. मनात तर आलं, की एखादं बटण दाबूनही दाबलं नाही असं करावं. पण ते मला येत नाही. अंगठा जे सांगतो तेच मी पुढे नेतो, अंगठा कुणाचाही असो.

शंभरेक वेळा पडेपर्यंत तो शिव्या देत होता. मग शिव्या थांबल्या. तो पुढे वाकला. पडल्यावर आता तो मृणालकडे वळून बघत नव्हता. आपण कुठे चुकलो तेवढंच बघत होता, आणि मुलगी लगेच पुन्हा उभी राहत होती. मग त्याचा अंगठा क्षणभर थांबायला शिकला. खांबाला पाय लागला, अंगठा थांबला, आणि मग दाबला गेला. माझी स्टिक डावीकडे ओढत होती, त्याने ती हलकेच उजवीकडे सावरली.

मुलगी उतरली. टिकली.

त्याने आरोळी ठोकली नाही. मग तीच उडी पुन्हा मारायला गेला, पडला, आणि पडल्यावर हसला. या खेळांत माणसं काय शोधतात असं तुम्हाला कुणी विचारलं, तर ते हसू सांगा. मला ते त्याच्या तोंडावर बघायला आवडलं नाही. पण होतं.

"नऊच राहू दे," चिन्मय म्हणाला.

मृणाल उठली. तिने हेल्मेट चढवलं. "रुंद केलीस ते मी विसरले असते," ती म्हणाली. "तोंडावर नाही म्हणालास, ते नाही." मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा ठेव तुझ्याकडे. मी नवा घेतलाय."

असं तिने मला सोडलं, आणि तेही अशा माणसाच्या हाती.

राहिलेलं काम त्यांनी मेलवर पुरं केलं. कामापुरतं लिहायचं, नमस्कारसुद्धा नाही. 'बावडी' दोघांच्या नावाने बाहेर आली. कुठल्याशा गावाहून एकाने लिहिलं, की त्या पायरीवर त्याने तीन दिवस दोघांच्या नावाने शिव्या घातल्या, आणि चौथ्या दिवशी ती जमल्यावर बायकोला उठवून दाखवली. चिन्मयने ते पत्र मृणालला पाठवलं. तिचं उत्तर आलं, 'वाचलं.' त्यानंतर दोघं भेटल्याचं मला माहीत नाही.

चिन्मय आता दुसरा गेम करतोय, एकटाच. नवी पायरी झाली की आधी माझ्यावर खेळून बघतो. माझी स्टिक त्याने अजून दुरुस्त केलेली नाही.

मित्रांनो, अवघड गोष्टीवर तुम्ही खुशाल रागवा. शिव्या द्या, मला त्यांची सवय आहे. जमलं नाही तर जमलं नाही म्हणा. ते लपवायला गेलात तर माणूस गमावाल. आणि राग अनावर झालाच, तर हातातली वस्तू आधी टेबलावर ठेवा. भिंतीला काही होत नाही. आम्हाला होतं.