डोर्नरॉइटच्या शिवेचा दगड

मी शिवेचा दगड बोलतोय. बसायचं तर बसा माझ्यावर, सगळेच बसतात. पण मग मध्ये बोलायचं नाही. मला शाळा नाही. माझ्या पोटावर काय कोरलंय हेसुद्धा लोकांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. तेव्हा गोडगोड ऐकायला मिळेल अशा आशेवर राहू नका.

माझ्या उजव्या हाताला डोर्नरॉइट. एक्केचाळीस घरं, एक चर्च, एक खानावळ आणि चौघांना पुरेल एवढी अक्कल, ती सगळे मिळून वाटून वापरतात. डाव्या हाताला ओढा, ओढ्यापलीकडे हास्लाख. तिथे घरं सदतीस. अक्कल किती ते डोर्नरॉइटवाल्यांना विचारा, ते आनंदाने सांगतील. दोन गावांमधलं अंतर चालत बारा मिनिटं, पण ओढ्यावर पूल व्हायला दीडशे वर्षं गेली, कारण पहिली फळी कोणत्या बाजूने टाकायची यावर एकमत होईना.

ओढ्याचं काही खरं नाही. दर पुरात तो कूस बदलतो. म्हणून शीव ओढ्यावर न ठेवता अलीकडच्या कुरणात माझ्यावर ठेवली. वरच्या अंगाला टेकडी, टेकडीवर जंगल, जंगलात रानडुकरं. रानडुकरं शीव मानत नाहीत. तेवढीच इथली शहाणी जनावरं.

मला घडवलं उलरिख नावाच्या पाथरवटाने, दोनशे चाळीस वर्षांपूर्वी. दगड लालसर, वाळूचा, वरच्या खाणीतला. उलरिखचं आणि जावयाचं पटत नव्हतं. छिन्नीचा एक घाव माझ्यावर आणि एक शिवी जावयाला, असं तीन दिवस चाललं. एका अंगावर त्याने बिशपची टोपी कोरली, कारण हास्लाखवर बिशपचं राज्य होतं. दुसऱ्या अंगावर गरुड, कारण डोर्नरॉइट एका सरदाराचं. गरुडाची मान कोंबडीसारखी झाली. सरदाराने ती कधी पाहिली नाही हे उलरिखचं नशीब.

मग सातजण आले. आमच्याकडे शिवेचे दगड वाटेल त्याने बसवायचे नसतात. गाव सात माणसं निवडतं, ती मरेपर्यंतची शपथ घेतात आणि दगडांचं सगळं तीच बघतात. मला पुरायच्या आधी त्यांनी गावाला पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं. खड्ड्याच्या तळाशी भाजलेल्या मातीच्या छोट्या खापऱ्या मांडल्या. किती, कशा, कोणती कुठे, ते फक्त सातांना ठाऊक. वर मला उभा केला. उद्या कोणी मला हळूच सरकवला, तर खाली खूण सापडणार नाही आणि चोरी उघडी पडेल. ही खूण लिहून ठेवायची नाही, बायकोला सांगायची नाही, पाद्र्यालाही नाही. सातांपैकी एक गेला की उरलेल्यांनी नव्याच्या कानात सांगायची.

म्हणजे अख्ख्या गावाचं गुपित आणि त्यावर मी बसलेला.

दर वसंतात गाव शिवेवरून फिरायला निघतं. पुढे ताशा, मागे बिअरची गाडी. गावात नव्याने आलेलं माणूस, मग ती सून असो, शिक्षक असो की डॉक्टर, त्याला चौघांनी हातापायांना धरायचं आणि माझ्या डोक्यावर तीनदा आपटायचं. तेव्हा तो डोर्नरॉइटचा झाला. त्यामुळे इथल्या माणसांची तोंडं मला फारशी माहीत नाहीत, बुडं मात्र सगळी ओळखीची आहेत. पाद्री सर्वांत जड. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून हाकलून दिलेली माणसं आली, ती सर्वांत हलकी. त्यांना आपटताना चौघांचे हात आपोआप सैल पडले. त्या वर्षी कोणी हसलं नाही.

बिशपचं राज्य गेलं, सरदाराचं गेलं. फ्रेंच सैनिक माझ्यावर बसून फोड आलेले पाय चोळत होते, तेही गेले. मग देशाची दोन शकलं झाली आणि वर टेकडीपलीकडे काटेरी तार लागली, कुत्री, दिवे, मनोरे. तिला म्हणे सीमा म्हणायचं. चाळीस वर्षं टिकली. पोरकट काम.

मला खरा धक्का दिला तो जमीन एकत्रीकरणाने. साहेब लोक आले, शेताचे लांबट तुकडे जोडून मोठे चौकोन केले आणि माझे भाऊबंद मुळ्यासारखे उपटले. त्यातला एक दातांच्या डॉक्टरच्या दारात आहे. त्याच्या डोक्यावर फुलांची कुंडी ठेवलीय असं ऐकतो. मी गावाच्या शिवेवर होतो म्हणून वाचलो.

दगड कमी झाले तसे सातजणही कमी झाले. सातांचे चार, चारांचे दोन, आणि गेल्या सहा वर्षांपासून एकटा ओटमार. वय एक्क्याऐंशी, गुडघे दोन्ही नवे, स्वभाव जुनाच. त्याला एकावन्न वर्षांपूर्वी म्हाताऱ्या शोर्शने खूण सांगितली होती. तेव्हापासून ओटमार गावात असा चालायचा जणू चर्चच्या किल्ल्या त्याच्याच खिशात आहेत.

नवी माणसं घे म्हणून सरपंचबाईंनी त्याच्या दारी चपला झिजवल्या. पण ओटमारला कोणी पसंत पडेल तर शपथ. माझ्या लगतचा शेतकरी लोरेन्झ बडबड्या. खानावळवाला पितो. मास्तर शाकाहारी, त्याचा भरवसा काय धरायचा. एकच बाई आपणहून तयार होती, टपाल वाटणारी गुड्रुन. दोन्ही गावांचा प्रत्येक बांध तिला पाठ, प्रत्येक कुत्रा तिच्या ओळखीचा. पण ती जन्माने हास्लाखची. लग्न होऊन इकडे येऊन एकोणीस वर्षं झाली, तरी ओटमारच्या लेखी ती पाहुणी.

ओटमारच्या छातीत मात्र दुखायला लागलं होतं. डॉक्टरने त्याला जिने बंद केले, मीठ बंद केलं. तो गेला की खूण गेली. आणि खूण गेली की मी कोण? बागेत कुंडी ठेवायची वस्तू.

अशात या शरदात लोरेन्झने मका काढल्यावर नांगर फिरवला. वळताना फाळ माझ्या कमरेत बसला आणि मी हास्लाखच्या बाजूला कललो. दुसऱ्या दिवशी पलीकडचा बुर्खार्ट गाईंना हाकत आला, मला बघून थबकला आणि पावलांनी जमीन मोजायला लागला. त्याचं म्हणणं, लोरेन्झने दगड दोन पावलं बुर्खार्टच्या कुरणात ढकलला आणि मग नांगराचं निमित्त केलं. लोरेन्झचं म्हणणं, बुर्खार्टला दोनपर्यंतच मोजता येतं म्हणून दोनच पावलं. तीन दिवसांत दोन्ही गावं एकमेकांच्या खानावळीत जायची बंद झाली.

मोजणीवाला आला. भला माणूस होता. म्हणाला, दगडाखालची खूण खरी निघाली तर दगड जिथे आहे तिथेच राहील, मी त्यालाच मानेन. नाही निघाली तर यंत्र सांगेल तिथे लोखंडी खुंटी ठोकेन आणि हा दगड न्या कोणाला हवा तर. लोरेन्झच्या मेव्हण्याने तिथल्या तिथे माझी उंची मोजून घेतली.

आता सातांचा नियम असा की एकट्याने दगड उचलायचा नाही. निदान दोन शपथेची माणसं हवीत. ओटमार चार दिवस घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी सकाळी त्याने सरपंचबाईंना फोन केला आणि नुसतं म्हणाला, "टपालवालीला बोलवा."

गुरुवारी सकाळी गुड्रुनने चर्चमध्ये शपथ घेतली आणि तिथून सगळी वरात माझ्याकडे आली. दाट धुकं. दोन्ही गावं कुरणात उभी, मध्ये दहा पावलं रिकामी. ओटमारने सर्वांना पाठ फिरवायला लावली. गाईंनी फिरवली नाही, त्यांना माफ केलं. मग तो गुड्रुनला माझ्यापाशी घेऊन आला, वाकला आणि तिच्या कानात खूण सांगितली.

मी ऐकलं आणि माझ्या अंगाला घाम सुटला. कोणी वळून बघितलं असतं तर धुकंच वाटलं असतं.

कारण म्हातारा सांगत होता ते भलतंच होतं. माझ्याखाली तसं काही नव्हतं. मी त्यावर दोनशे चाळीस वर्षं बसलोय, मला ठाऊक नसेल तर कोणाला? कुठल्या शतकात कोणी काय बदललं, देव जाणे. सुनेने सासूच्या भाजीत आपलं काहीतरी घालावं तसं प्रत्येकाने पुढच्याला सांगताना थोडं आपलं घातलं असणार. आणि लिहायचं नाही, बोलायचं नाही, त्यामुळे ताडून कोण बघणार? इतकं जपलं, इतकं जपलं की हरवून बसले. हे याच गावाला जमावं.

मला ओरडायचं होतं. दगडाला ती सोय नाही.

दोघांनी पहार घातली. ओटमारला वजन पेलेना तेव्हा गुड्रुनने खांदा लावला. मला बाजूला आडवा केला. आडवं पडल्यावर आभाळ केवढं असतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं, पण तेव्हा मजा वाटण्याची वेळ नव्हती. ओटमार गुडघ्यांवर बसला, हाताने माती सारली. खापऱ्या दिसल्या. तो बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

गुड्रुनने खापऱ्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. टपालवाल्यांना पाकीट न उघडता गप्प राहायची सवय असते.

"शोर्शने मला असं सांगितलं नव्हतं," ओटमार पुटपुटला. "माझ्या शपथेप्रमाणे मला आता उठून सांगावं लागेल की दगड खोटा."

मागे उभ्या बुर्खार्टने विचारलं, झालं का. त्याला सरपंचबाईंनी गप्प केलं.

गुड्रुन कुजबुजली, "काका, शोर्शकाकांनी कधी दगड उचलून बघितला होता?"

"त्याच्या काळात गरज पडली नाही."

"आणि तुम्ही?"

ओटमारने नाही म्हणून मान हलवली. मग तिने बोटाने दाखवलं. ओढ्याकाठच्या झाडाचं एक मूळ, चांगलं अंगठ्याएवढं जाड, खापऱ्यांच्या वरून आडवं गेलं होतं आणि दोन खापऱ्यांना त्याने पोटाशी धरलं होतं. "हे मूळ कितीतरी वर्षांचं आहे. मांडणाऱ्यांनंतर इथे कोणाचा हात लागलेला नाही. खापऱ्यांवर गावाचा शिक्काही आहे. कानाने ऐकलेलं खरं, की हे?"

म्हाताऱ्याने खापऱ्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. नवे गुडघे ओल्या मातीत रुतले. मला वाटलं, आता अभिमान आडवा येतो आणि मी जातो मेव्हण्याच्या बागेत.

"म्हणजे एकावन्न वर्षं मी भलतंच जपत होतो," तो म्हणाला.

"जपलंत ना. आता बरोबर ते बघून घ्या."

मग दोघांनी डोकी खड्ड्यात घालून, पोरं पाढे पाठ करतात तसे ओठ हलवत, त्या खापऱ्या पाठ केल्या. ओटमारचं दोनदा चुकलं. तिने दुरुस्त केलं. मुळाला धक्का न लावता माती परत लोटली, मला उभा केला, भोवती दगडगोटे ठोकले.

ओटमार तिच्या हाताला धरून उठला आणि लोकांकडे वळला. "दगड खरा आहे. जागाही खरी आहे. लोरेन्झ, तुझा नांगर वेडावाकडा फिरतो. बुर्खार्ट, तुझी पावलं आखूड आहेत."

बुर्खार्टने विचारलं, कशावरून. ओटमार म्हणाला, ते सांगता येत नाही. मोजणीवाल्याने वहीत टिपून घेतलं आणि यंत्र पेटीत ठेवलं. दोन्ही गावांना समान अपमान मिळाल्यामुळे वातावरण निवळलं.

लोक पांगायला लागले तसा ओटमार हलकेच म्हणाला, "पोरी, मला येत नव्हतं हे कुठे बोलू नकोस."

"शपथ घेतलीय काका," गुड्रुन म्हणाली. "आज सकाळीच."

त्यानंतर तो तिला पाहुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता आमच्याकडे चार शपथेची माणसं आहेत. बडबडा लोरेन्झही घेतलाय, कारण तो इतकं बोलतो की त्यातलं खरं काय ते कोणाला कळणारच नाही, असं गुड्रुनचं मत. ओटमार अजून आहे. काठी टेकत येतो, माझ्यावर बसतो, मीठ नसलेला पाव खातो आणि डॉक्टरला नावं ठेवतो.

मी पूर्वीसारखा सरळ नाही. थोडा उजवीकडे झुकलोय. गरुडाची मान झिजली, टोपीवर शेवाळ आलंय. ते खरवडू नका, थंडीत बरं असतं. दुसरं काही मागणं नाही. खाली काय मांडलंय ते मात्र विचारू नका. तुम्ही शपथ घेतलेली नाही, आणि तुम्ही पुढच्याला सांगताना आपलं काही घालणार नाही याची मला खात्री नाही. उठा आता, माझं डोकं दुखायला लागलं. तुमची वाट तुम्हाला, माझी जागा मला.